तेलाची गाडी जळाली तर पैसे कोण भरतो?



१३ जुलै २०२५ रोजी पहाटे तामिळनाडूत तिरुवळ्ळूरजवळ डिझेल घेऊन निघालेली मालगाडी रुळावरून घसरली आणि तिच्या अठरा टाक्या आगीत सापडल्या. अल्लाहच्या मेहरबानीने कोणाचा जीव गेला नाही. ही बातमी हुपरीत आमच्या दुकानावर वाचली जात होती, तेव्हा पैंजणाचे काम करणारा एक तरुण कारागीर बसला होता. त्याने विचारले, "चाचा, एवढं डिझेल जळालं, ते नुकसान कुणाच्या खात्यावर पडलं?" एकाने सांगितले, रेल्वेच्या. दुसरा म्हणाला, विमा असतो की. तिसऱ्याचे म्हणणे, सरकारी माल, सरकार सोसेल. तिघांच्याही बोलण्यात थोडे थोडे खरे होते. मग आम्ही त्या तिघांनाच विचारले की तुमचा स्वतःचा माल परगावी जातो तो कोणाच्या जोखमीवर जातो? कोणालाच सांगता आले नाही. आम्हालाही एके काळी सांगता आले नव्हते आणि त्याची किंमत आम्ही मोजली आहे. तो हिशोब पुढे येईलच.

आधी तेलाच्या गाडीचे पाहू. कच्चे तेल, म्हणजे क्रूड, आपल्या महाराष्ट्रात रेल्वेने फारसे जात नाही. मुंबई हायचे तेल समुद्राखालच्या नळाने किनाऱ्यावर येते आणि माहुलच्या दोन रिफायनऱ्यांना क्रूड मिळते ते नळाने आणि जहाजाने. रेल्वेच्या टाक्यांतून जाते ते तयार तेल, म्हणजे पेट्रोल, डिझेल वगैरे. मिरज जंक्शनवर अशी टाक्यांची गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. एका टाकीत साधारण सत्तर हजार लिटर आणि अशा पन्नासएक टाक्या, म्हणजे एका गाडीत ३५ लाख लिटरच्या आसपास माल झाला. आपल्या बाजूच्या रुळावरून एवढी आग चालत जाते आणि आपण चहा पीत बसतो.

अशी गाडी उलटली की नुकसान तीन ठिकाणी होते. एक, मालाच्या मालकाचे. दुसरे, गाडी आणि रूळ ज्यांचे आहेत त्यांचे. तिसरे, रुळाशेजारी राहणाऱ्या अशा माणसांचे, ज्यांचा या मालाशी काही संबंध नाही, ज्यांनी बिल्टी केली नाही की भाडे घेतले नाही. आपण व्यापारी पहिल्याचाच विचार करतो. पण जगात मोठा गोंधळ झाला तो तिसऱ्यावरून, आणि तो प्रसंग थोडा तपशिलाने सांगण्यासारखा आहे.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात लाक-मेगाँटिक नावाचे एक छोटे गाव आहे. ६ जुलै २०१३ च्या रात्री एक वाजून गेल्यावर क्रूडने भरलेल्या ७२ टाक्यांची गाडी त्या गावात ड्रायव्हरविना शिरली. आदल्या रात्री ती उतारावर उभी करून एकटा ड्रायव्हर मुक्कामाला गेला होता. पुढे इंजिनाला आग लागली, ती विझवताना इंजिन बंद केले गेले, त्यामुळे हवेचे ब्रेक हळूहळू सुटत गेले, आणि हाताने आवळायचे ब्रेक पुरेसे आवळलेले नव्हते. गाडी उतारावरून सुमारे ११ किलोमीटर घसरत गेली आणि ऐन बाजारपेठेत ६३ टाक्या उलटल्या. सुमारे ६० लाख लिटर तेल सांडले व पेटले. ४७ माणसे मेली. गावाचा मधला भाग जळून खाक झाला.

आता व्यापाऱ्याने ऐकण्यासारखी गोष्ट ही की, त्या रेल्वे कंपनीकडे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठी विमा होता, पण तो होता अडीच कोटी डॉलरचा. कागद पूर्ण, हप्ता भरलेला, कायद्याच्या नजरेत कंपनी निर्दोष. नुकसान मात्र त्याच्या कित्येक पट. महिनाभरात, ऑगस्ट २०१३ मध्ये, कंपनीने दिवाळखोरी मागितली. दोषी कोण यात फारशी शंका नव्हती, पण दोषी माणसाच्या खिशात पैसेच नव्हते. मग वकिलांनी इतरांना धरले. तेल पाठवणारे, टाक्या भाड्याने देणारे, तेल मागवणारे अशा सुमारे पंचवीस कंपन्यांनी मिळून साधारण ४५ कोटी डॉलर जमा केले, तेव्हा कुठे मृतांच्या वारसांना आणि गावाला काही मिळाले. त्यातल्या काहींचे म्हणणे होते की गाडी आमची नव्हती, ब्रेक आम्ही लावले नव्हते. तरीही कोर्टकचेरी नको म्हणून त्यांनी भरले. एका मोठ्या रेल्वे कंपनीने मात्र भरायला नकार दिला, आणि २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती जबाबदार नाही असा निकाल दिला.

दुसरी एक बाब चौकशीत बाहेर आली, तिच्याकडे आपल्या कारागीर भावांनी लक्ष द्यावे. ते क्रूड जेवढे ज्वालाग्राही होते त्यापेक्षा कमी धोक्याच्या वर्गात कागदावर दाखवलेले होते. माल एक आणि कागद दुसरा. आपल्याकडे असे किती वेळा होते ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

यानंतर कॅनडाने कायदा बदलला. जून २०१६ पासून रेल्वेला मालाच्या प्रमाणात अडीच कोटीपासून शंभर कोटी डॉलरपर्यंत विमा ठेवावा लागतो, आणि क्रूडच्या अपघातात त्या मर्यादेपर्यंत तिची चूक सिद्ध करावी लागत नाही. शिवाय क्रूड पाठवणाऱ्याकडून दर टनामागे १ डॉलर ६५ सेंट घेऊन एक निधी उभा केला, विमा अपुरा पडला तर त्यातून द्यायचे म्हणून. हा निधीचा मुद्दा लक्षात ठेवावा, त्याच्याकडे आम्ही परत येऊ.

आपल्या देशातली स्थिती वेगळी आहे. आपली रेल्वे सरकारी आहे, ती दिवाळे काढणार नाही. पण म्हणून ती सगळे भरून देते असे नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम ९३ प्रमाणे ताब्यात घेतलेला माल हरवला, नासला, पोहोचला नाही तर रेल्वे जबाबदार असते. त्याला अपवाद आहेत: नैसर्गिक आपत्ती, युद्ध, सरकारी जप्ती, माल पाठवणाऱ्याची वा घेणाऱ्याची चूक, मालाचाच अंगचा दोष, आग किंवा स्फोट. या अपवादांतसुद्धा आपण योग्य ती काळजी घेतली होती हे रेल्वेनेच दाखवायचे असते. इथवर वाचून माणूस खुश होतो. पण पुढे कलम ९७ येते. कमी भाड्याच्या दराने, म्हणजे 'मालकाच्या जोखमीवर' माल पाठवला असेल तर रेल्वेचा निष्काळजीपणा आपल्याला सिद्ध करावा लागतो. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, आणि ते जाते बुकिंगच्या वेळी आपण वाचवलेल्या चार पैशांमुळे.

त्याहून महत्त्वाचे कलम १०३. पाठवताना मालाची किंमत लिहून दिली नसेल तर रेल्वेची जबाबदारी वजनावर ठरते. १९९० च्या नियमांनी ती मर्यादा ठरवली किलोला ५० रुपये, आणि बुक केलेल्या सामानासाठी किलोला १०० रुपये. हुपरीत बसून हे वाक्य दोनदा वाचावे. चांदी आज किलोला लाखाच्या वर आहे. किंमत न लिहिता दहा किलो पैंजण सामानात बुक केले आणि पेटी गेली, तर कागदाप्रमाणे हाती येतील एक हजार रुपये. किंमत लिहून दिली तर रेल्वे थोडे टक्केवारी शुल्क घेते, आणि मग तेवढ्या किमतीपर्यंत जबाबदारी तिच्यावर येते. हे शुल्क वाचवण्यासाठी लोक किंमत लिहीत नाहीत. काही जण दुसऱ्या कारणानेही लिहीत नाहीत, ते कारण त्यांना आणि त्यांच्या हिशोबनीसाला ठाऊक.

आणि पेटी बुकच केली नाही, पायाशी ठेवून प्रवास केला तर? कलम १०० सांगते की प्रवाशाच्या ताब्यातल्या सामानाची जबाबदारी रेल्वेवर नाही, रेल्वेच्या नोकराचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय. २००५ साली काशी विश्वनाथ एक्स्प्रेसने दिल्लीस निघालेल्या एका व्यापाऱ्याचे कमरेच्या पट्ट्यात बांधलेले एक लाख रुपये झोपेत चोरीस गेले. ग्राहक मंचांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि जून २०२३ मध्ये निकाल फिरला. प्रवासी स्वतःच्या वस्तू सांभाळू शकत नसेल तर त्याची जबाबदारी रेल्वेवर टाकता येत नाही, असा त्याचा मथितार्थ. अठरा वर्षे आणि शेवटी शून्य. आमच्या गावातून रात्रीच्या गाडीने चांदी घेऊन जाणाऱ्या पोरांनी हा निकाल लक्षात ठेवावा.

मुदतीचे कलम १०६. माल हरवला वा नासला तर माल रेल्वेच्या हवाली केल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत लेखी नोटीस गेली पाहिजे. माल पोहोचण्याच्या तारखेपासून नव्हे, हवाली केल्याच्या तारखेपासून. त्यानंतर रेल्वे दावे न्यायाधिकरण आहे, १९८७ च्या कायद्याने झालेले. तिथे अर्जासाठी तीन वर्षांची मुदत मिळते. पण नोटीस चुकली तर न्यायाधिकरणाचा दरवाजा उघडा असूनही आत बसायला जागा नाही. मोठ्या तेल कंपन्यांचेही रेल्वेशी असेच वाद होतात. इंडियन ऑइलकडून एका मार्गाचे अंतर जास्त धरून भाडे घेतले गेले होते. रेल्वे म्हणाली, सहा महिन्यांत मागणी केली नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की जे भाडे मुळातच बेकायदा घेतले त्याला ही सहा महिन्यांची अट लागत नाही. पण हा वाद भाड्याचा होता, हरवलेल्या मालाचा नव्हता. आणि तेल कंपनीकडे वकिलांची फौज असते. आपल्याकडे असतो एक ओळखीचा वकील, तोही जमिनीच्या दाव्यांचा.

आता तिसऱ्या नुकसानीकडे, म्हणजे रुळाशेजारच्या माणसाकडे येऊ. भोपाळची वायुगळती डिसेंबर १९८४ ची. वर्षभराने दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम वायू गळला, आणि त्या प्रकरणात डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्त्व घालून दिले की धोकादायक धंदा करणाऱ्याने नुकसान भरून द्यायचेच, चूक असो वा नसो. त्यातून १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा आला. धोकादायक पदार्थ हाताळणाऱ्याने, आणि हाताळण्यात वाहतूकही येते, बाहेरच्या माणसांसाठी विमा ठेवायचा. मूळ कायद्यात मृत्यूपोटी पंचवीस हजार रुपये होते आणि मालमत्तेपोटी फक्त सहा हजार. पुढे नियम बदलले. पण पंचवीस हजारांचा आकडा कित्येक वर्षे तसाच राहिला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. आणि सरकारी मालकीच्या संस्थांना, त्यांनी तेवढा निधी बाजूला ठेवला तर, या विम्यातून सूट देण्याची सोय याच कायद्यात आहे. म्हणजे आमच्या तरुण कारागिराला उत्तर द्यायचे तर असे: जळालेल्या डिझेलचा प्रश्न तेल कंपनी, तिचा विमा आणि रेल्वे यांच्यात कागदावर सुटतो. शेजारच्या घराचे छप्पर जळाले असते तर त्या घरवाल्याला मात्र अनेक दारे ठोठावावी लागली असती.

आमचे स्वतःचे प्रकरण रेल्वेचे नाही, ट्रकचे आहे. योगायोग असा की तेही त्याच २०१३ च्या पावसाळ्यातले. आम्ही इचलकरंजीचा माल आठ गाठी करून हैदराबादच्या व्यापाऱ्याकडे एका ट्रान्सपोर्टने पाठवला. ट्रान्सपोर्टचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण चूक निम्म्याहून अधिक आमची. बिल्टीवर किमतीचा रकाना होता, तो आम्ही रिकामा सोडला. विमा काढला नव्हता. त्याच ट्रकमध्ये आमच्या गाठींशेजारी दुसऱ्या कोणाचे थिनरचे डबे होते, कागदावर ते 'रंगाचे सामान' असे लिहिलेले. वाटेत आग लागली. आठपैकी पाच गाठी गेल्या. गाठीस चोवीस हजार प्रमाणे एक लाख वीस हजार रुपये.

रस्त्याच्या वाहतुकीला पूर्वी १८६५ चा कॅरियर्स ॲक्ट होता. आता २००७ चा रस्त्यावरील मालवाहतुकीचा कायदा आहे, तो मार्च २०११ पासून लागू झाला. त्याप्रमाणे किंमत जाहीर केली नसेल तर मालवाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत. आमचे भाडे होते गाठीला दोनशे रुपये. दहापट म्हणजे दोन हजार, पाच गाठींचे दहा हजार. एक लाख वीस हजारांपुढे दहा हजार! पण तेही मिळाले नाहीत. कारण बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ट्रान्सपोर्टचा मॅनेजर फार गोड माणूस होता. "शेठ, बकरी ईद होऊ दे, बसू." मग दिवाळी. मग त्यांच्या मालकाच्या घरी लग्न. आमची नोटीस गेली मार्च २०१४ मध्ये, मुदत संपून गेल्यावर. त्यांच्या वकिलाचे उत्तर एका ओळीचे होते. इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याचे पैसे आम्ही दोन वर्षे हप्त्याने फेडले. तो भला माणूस, त्याने व्याजाचे नाव काढले नाही. पण त्या दोन वर्षांत धाकट्या मुलाचे कॉलेज लांबले, ते लांबले.

थिनरच्या डब्यांविषयी दोन शब्द. त्याच कायद्याप्रमाणे माल पाठवणाऱ्याने मालाची किंमत आणि तो धोकादायक असल्यास तसे, दोन्ही लिहून द्यायचे असते. त्या माणसाने लिहिले नाही, आम्ही किंमत लिहिली नाही. दोन रिकामे रकाने एका ट्रकमध्ये शेजारी बसून गेले.

हुपरीच्या कारागिरांना हे जवळचे आहे ते ॲसिडमुळे. चांदी शुद्ध करायला, उजळायला ॲसिड लागते, आणि ते कॅनमधून इकडून तिकडे नेले जाते, कधी एस.टी.त पायाखाली, कधी रेल्वेच्या डब्यात बाकाखाली. रेल्वे कायद्याच्या कलम ६७ ने असा माल ठरलेल्या नियमांशिवाय, लेखी सूचना दिल्याशिवाय नेता येत नाही. कलम १६४ ने त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून हसू नये. त्याच कलमात पुढे आहे की त्यामुळे जे नुकसान होईल, कोणाला इजा होईल, त्याची जबाबदारीही त्या माणसावर. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला यात्रेकरूंच्या एका डब्यात चोरून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागून नऊ माणसे गेली. तिथे माल कोणाचा होता? प्रवाशांचाच. आतापर्यंत आपण नुकसान मागणाऱ्याच्या बाजूने बोललो. ॲसिडचा कॅन हातात असलेला कारागीर मात्र त्या रेल्वे कंपनीच्या जागी उभा असतो, आणि त्याच्याकडे तर अडीच कोटींचा विमाही नाही.

आता विमा. मालवाहतुकीच्या विम्याला ट्रक असो वा रेल्वे, 'मरीन' असेच म्हणतात. समुद्राचा त्यात संबंध नसला तरी नाव राहिले. देशातल्या देशात जाणाऱ्या मालासाठी त्यात तीन प्रकार आहेत. सगळ्यात स्वस्त आहे त्यात फक्त आग व वीज. मधल्यात त्याशिवाय टक्कर, गाडी उलटणे, रुळावरून घसरणे, पूल मोडणे येते. सगळ्यात वरच्यात चोरी, गहाळ होणे हेही येते. पण वरच्यातही उशीर झाल्याचे नुकसान, मालाचा अंगचा दोष, कच्चे पॅकिंग हे धरत नाहीत. एजंट स्वस्तातली पॉलिसी देऊन "सगळं आहे यात" असे सांगतो, तेव्हा कोणता प्रकार आहे ते कागदावर बोट ठेवून विचारावे. चांदीसाठी 'ज्वेलर्स ब्लॉक' नावाची वेगळी पॉलिसी मिळते, तिच्यात दुकानातला माल आणि वाटेतला माल दोन्ही येतात. पण नोकरानेच माल नेला तर काय, बॅग गाडीत सोडून माणूस चहाला गेला तर काय, ही वाक्ये बारीक अक्षरांत असतात. ती चष्मा लावून वाचावीत.

विम्यातली एक खाच मात्र आमच्यासारख्या जुन्या व्यापाऱ्यांनाही ठाऊक नसते. विमा कंपनी आपल्याला पैसे देते, आणि मग आपल्या जागी उभी राहून रेल्वेकडून वा ट्रान्सपोर्टकडून ते वसूल करते. त्यासाठी आपली नोटीस वेळेत गेलेली असावी लागते. "विमा आहे ना, मग ट्रान्सपोर्टशी कशाला भांडायचं" म्हणून आपण गप्प बसलो, तर कंपनी म्हणते की आमचा वसुलीचा हक्क तुम्ही घालवला, आणि दावा कापते. म्हणजे विमा असला तरी नोटीस, आणि नसला तरी नोटीस.

इथे आपल्या अनेक भावांच्या मनात जो प्रश्न येतो तो टाळता येणार नाही. विमा जायज आहे का? आम्ही कापडवाले, मुफ्ती नव्हे. एवढे सांगतो की जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने १९८५ मध्ये ठराविक हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरवला आणि परस्पर सहकार्याचा विमा जायज. भारतातल्या काही उलेमांनी इथली परिस्थिती पाहून गरजेपोटी सवलत दिली आहे. आपापल्या आलिमांना विचारून अमल करावा. पण या प्रश्नात एक घोटाळा नेहमी होतो. विमा वेगळा आणि मालवाहकाची जबाबदारी वेगळी. अनेक भाऊ "आपल्याला विम्याचे पैसे नकोत" म्हणून ट्रान्सपोर्टवर हक्काचा दावाही करत नाहीत. हा दावा विमा नव्हे. ज्याने भाडे घेऊन माल ताब्यात घेतला त्याच्याकडून आपला माल किंवा त्याची किंमत मागणे, एवढेच ते आहे.

आणि हा प्रश्न आपल्या फिक्हच्या किताबांत शतकानुशतके आहे. अनेकांची कामे घेणाऱ्या कारागिराला वा वाहकाला 'अजीर-ए-मुश्तरक' म्हणतात. त्याच्या हातून माल गेला तर जिम्मेदारी कोणाची? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते त्याच्या कसुराशिवाय त्याच्यावर भरपाई नाही, माल त्याच्या हाती अमानत आहे. त्यांचे दोन्ही शागिर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.), म्हणतात की भरपाई आहे, मोठी आग वा शत्रूचा हल्ला अशी टाळता न येणारी गोष्ट असल्याशिवाय. हजरत अली (रजि.) सोनार व रंगाऱ्यांकडून भरपाई घ्यायला लावत, अशी रिवायतही आढळते. आता रेल्वेचे कलम ९७ आणि कलम ९३ शेजारी ठेवून पाहा. एकात मागणाऱ्याने कसूर सिद्ध करायचा, दुसऱ्यात देणाऱ्याने आपली सुटका दाखवायची. वाद तोच आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हाला इंग्रजी कलमे जड गेली, पण आमच्या मशिदीच्या मौलानांनी हा मसला समजावला तेव्हा रेल्वे कायदा एका बैठकीत कळला. आणि यात आमच्या कारागीर भावांचीही बाजू आहे. कारखानदाराची चांदी मजुरीवर घडवायला घरी आणणारा कारागीर हा स्वतःच अजीर-ए-मुश्तरक आहे. घरात चोरी झाली तर ती चांदी कोणाची गेली, हे आजवर तोंडी भरवशावर चालले आहे. एका कागदावर लिहून घ्या, दोन्ही बाजूंनी.

कॅनडाच्या निधीकडे परत येतो. दर टनामागे दीड-पावणेदोन डॉलर, सगळ्यांनी मिळून, ज्याचे घर जळेल त्याच्यासाठी. हे ऐकून आमच्या बैठकीत एकाने सुचवले की हुपरीतल्या आपल्या व्यापारी-कारागिरांनी पाठवणीच्या दर किलोमागे ठराविक रक्कम बाजूला ठेवावी. विचार चांगला आहे, पण सावध राहावे. हप्ता घेऊन ठराविक भरपाईचे वचन दिले तर तो विम्याचा धंदा होतो, आणि १९३८ च्या विमा कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय तो करता येत नाही. वचन न देता, खुशीने जमवलेला मदतनिधी ठेवता येतो. तो नोंदणी केलेल्या ट्रस्टच्या खात्यात असावा, कोणाच्या गल्ल्यात नव्हे. आपल्याकडचे असे फंड का बुडाले ते सगळ्यांना माहीत आहे.

शेवटी कामाची गोष्ट. माल पोहोचला आणि गाठ भिजलेली, फाटलेली, वजनाला कमी दिसली तर 'माल चांगला मिळाला' अशी सही करू नये. हमाल घाई करतात, ट्रकवाला हॉर्न वाजवतो, तरी करू नये. रेल्वेत अशा वेळी ओपन डिलिव्हरी, म्हणजे पेटी उघडून मोजून ताबा, मागता येतो, आणि किती नुकसान झाले ते तिथेच लिहून घेता येते. ट्रकच्या मालात बिल्टीच्या प्रतीवरच शेरा लिहावा. खराब माल टाकून देऊ नये, विमा असेल तर सर्व्हेअर येईपर्यंत तसाच ठेवावा. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, पोस्टाची पावती जपावी. फोनवरचा गोड शब्द नोटीस होत नाही, हे आम्ही एक लाख वीस हजार देऊन शिकलो.

ज्या भावांकडे गेल्या सहा महिन्यांतल्या अशा बिल्ट्या वा रेल्वे पावत्या पडून आहेत, त्यांनी येत्या जुम्याला नमाजनंतर आमच्या दुकानावर घेऊन याव्यात. किमतीचा रकाना आणि बुकिंगची तारीख आधी पाहू. मुदत शिल्लक असेल तर नोटीस त्याच दिवशी लिहून देऊ, मराठीत आणि इंग्रजीत. तो तरुण कारागीर आता इंग्रजी टायपिंगही करतो.